खिडकीतून उतरवायचं सामान

रविवारी सकाळी वहिनींच्या कानावर पहिला आवाज पडला तो चिमणीचा. चिमणी म्हणजे धाकट्या दिरांची मुलगी. लहानपणापासून तोंडाला कुलूप नाही म्हणून घरात सगळे तिला चिमणी म्हणत, आणि आता त्याच तोंडावर तिचं पोट चाललं होतं. सुटीच्या दिवशी ती पाहुण्यांचे घोळके घेऊन गल्लीतून फिरायची आणि एकेका घराखाली उभी राहून त्याची गोष्ट सांगायची.

"आता वर बघा," ती खालून म्हणत होती. "प्रत्येक घराच्या माथ्यावर जी तुळई बाहेर आलीय आणि तिला कप्पी आहे ना, ती या गल्लीची ओळख. इथे सोफे-खुर्च्या बनायच्या. वरच्या मजल्यावर, भरपूर उजेडात, कारागीर गाणी म्हणत कापड चढवायचे."

"गाणी कसली?" वहिनी खिडकीत बसून स्वतःशीच पुटपुटल्या. "खोकत होते मेले."

"आणि त्या खिडकीत दिसतायत त्या माझ्या काकू. गल्लीतला शेवटचा चालू कारखाना त्यांच्याच घरी आहे."

खालच्या माना वर झाल्या, मोबाइल वर झाले. वहिनींनी सवयीनं हात हलवला. सुरुवातीला त्यांना याची गंमत वाटायची. एकदा तर त्यांनी त्यासाठी नवी शालही काढली होती. आता त्या खिडकीत बसत, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

चिमणी सांगायची ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त धुऊनपुसून, इस्त्री करून सांगितलेलं होतं. गल्लीत चिकटवायला लागणारा, हाडा-कातड्यांचा सरस शिजायचा, आणि त्याचा वास असा की भाड्याची गाडी कोपऱ्यावरच माणसं उतरवून पळायची. इथल्या मुलींना स्थळं येत नसत. वहिनींचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या मावशीनं एवढंच विचारलं होतं, "मुलगा चांगला आहे गं, पण अंगाचा वास जाईल का?" मग कारखान्यातलं तयार सामान बाजारात आलं, निम्मी गल्ली ओस पडली. जागा स्वस्त झाल्या तशी उजेडासाठी चित्रकार मंडळी आली, त्यांच्या मागून कॉफी आली, कॉफीच्या मागून मेणबत्त्यांची आणि अत्तरांची दुकानं. सरस शिजायचा त्या घरात आता लोक रांग लावून नाश्ता करत. आणि ज्या गल्लीचं एके काळी कुणी नाव काढत नसे, तिथे दाराला रंग द्यायचा तरी जुनी घरं जपणाऱ्या परिसर समितीला विचारावं लागे.

समितीनं जिन्यालाही हात लावू दिला नव्हता. हा जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. सासऱ्यांच्या वडिलांनी खालची जमीन कामाला पुरावी म्हणून तो चिंचोळा करून भिंतीत कोंबला, मध्ये एक वळण दिलं आणि विषय संपवला. जिन्यानं माणसांनीच तर जायचं, त्याला कशाला हवा रुंद जिना? सामान खिडकीतूनच ये-जा करायचं. रिकामा लाकडी सांगाडा दोराला बांधून दोघं जण वर ओढून घेत, आणि काथ्या, स्प्रिंगा, कापड भरून जड झालेला सोफा त्याच खिडकीतून खाली सोडत. वहिनींचे गुडघे गेल्यापासून त्या जिन्याकडे बघतही नव्हत्या. एकदा शेजारच्या कॉफीवाल्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यानं न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा खुर्ची वळणावर अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. तिथे लोंबकळत त्यांनी जी बोंब मारली ती अजून गल्लीत सांगतात. तेव्हापासून, म्हणजे गेल्या थंडीपासून, वहिनी खाली उतरल्या नव्हत्या.

आज तिघा भावंडांची बैठक होती: वहिनींचे यजमान दादा, नणंद ताई आणि चिमणीचे वडील, साहेब. घर तिघांच्या नावावर. गिऱ्हाईक आलेलं होतं, ताईंच्या घराजवळ तळमजल्याची जागाही बघून ठेवली होती. दादा तयार, ताई तयार. साहेबांचं घोडं मात्र महिने झाले अडलेलं होतं.

*

साहेब, म्हणजे धाकटे, जिना चढून वर आले तेव्हा घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर आनंद होता. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणून साहेब; आता निवृत्त होऊनही तेच नाव चिकटलं होतं. वळणावरच्या तुळईला त्यांनी हात लावला. इथे लहानपणी रोज डोकं आपटायचं. त्यांना भरून आलं. आपलं वय झालं की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण बरंही वाटलं.

कॉलेजात असताना हेच साहेब आपण पुलापलीकडे राहतो म्हणून सांगत. पहिली नोकरी लागली त्या महिन्यात त्यांनी गल्ली सोडली आणि नंतर कुणालाही इकडे आणलं नाही. आता चार माणसांत बसले की ग्लास खाली ठेवून म्हणत, "आम्ही मूळचे त्या गल्लीतले." समोरच्याच्या भुवया वर जात. तेवढं एक त्यांना निवृत्तीनंतर उरलं होतं, आणि ते सोडायला त्यांचं मन तयार नव्हतं. हे वाईट आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत नव्हतं.

"वहिनी, कशा आहात?"

"बसलेय," वहिनी म्हणाल्या.

चिमणी चहा घेऊन वर आली. तिचा घोळका खाली नाश्त्याला बसला होता. ताई आधीच येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून राबलेल्या ताईंना वायफळ बोलणं सोसत नसे. दादा सगळ्यात शेवटी आले. हाताला सरस लागलेला, तो ते नखानं खरवडून काढत होते.

"बोल," दादा धाकट्याला म्हणाले. "आज काय ते सांगून टाक."

"दादा, मी नाही कुठे म्हणतोय? पण घाई कशाला? घर एकदा गेलं की गेलं. हे काही नुसतं घर नाही, अरे. या गल्लीत मूळ माणूस एकही उरला नाही. आपण शेवटचे."

"आपण?" दादांनी विचारलं.

"म्हणजे तू. पण आपणच ना!"

"काका, खरंच," चिमणी मध्ये पडली. "तुम्ही गेलात तर मी लोकांना काय दाखवू? मेणबत्त्या? सगळे विचारतात, अजून कोणी इथे खरंच काम करतं का? मी म्हणते, हो, माझे काका करतात. तेव्हा त्यांचे चेहरे बघायला हवेत तुम्ही."

"माझा गुडघा पण दाखव त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"काकू, तुझ्यासाठी एक मुलगी ठेवू ना दिवसभराची. बाबा म्हणतच होते."

"मला मुलगी नको, जमीन हवी. पायाखाली."

साहेब हसले, मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले. चहाचा कप खाली ठेवत ते ताईंकडे वळले. "ताई, तू सांग. मी असं म्हणतोय की दादानं आणि वहिनींनी भाड्याच्या जागेत जावं, खुशाल. पण घर ठेवू या. वरची ही खोली तुझी. कधीही ये, राहा. आई इथेच गेली, त्या भिंतीशी. तुला माहेर राहील."

"भाड्याची जागा कुणी बघितलीय?" दादा म्हणाले. "जिना नसलेली? आणि हे घर विकल्याशिवाय भाडं भरायचं कशातून?"

"बघू की. पुढच्या महिन्यात शांतपणे बघू."

पण ताई त्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे आईचा पलंग होता. आईचं शेवटचं सगळं ताईंनीच केलं होतं, कूस वळवण्यापासून डोळे मिटेपर्यंत. तळमजल्याची जागा त्यांनीच शोधली होती, वहिनींच्या गुडघ्यांचे फोटो त्यांनीच डॉक्टरला दाखवले होते. तरीही 'माहेर' शब्द कानावर पडला आणि त्यांची नजर त्या भिंतीवरून हलेना. सत्तरी जवळ आली, नवरा गेला, मुलगा आपल्या संसारात. आता माहेर कुठलं न् काय, असं त्यांना रोज वाटे. आज ते कुणीतरी उलटं म्हणालं होतं.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "एखादा महिना थांबलं तर काय बिघडेल?"

वहिनींना आधी कळेचना. मग कळलं, आणि त्या इतक्या थकल्या की त्यांना राग यायलाही वेळ लागला. भाऊजींकडून त्यांची अपेक्षाच नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस तो. पण ताई? नणंदेचं माहेर टिकवायचं म्हणजे आपण जिना सोसत राहायचा, हे त्यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं, पण ते ताईंनाही ठाऊक आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

"तुम्हीसुद्धा, ताई?"

"तसं नाही हो, वहिनी."

"मग कसं?"

ताई पदराशी चाळा करत बसल्या.

"मी दमलोय," दादा अचानक म्हणाले. ते कुणाकडे बघत नव्हते. "दाभण बोटात धरवत नाही. एक खुर्ची भरायला आठवडा जातो. गल्ली सुंदर झाली, सगळे म्हणतात. झाली असेल. मी खाली काम करतो तर दारातून लोक माझे फोटो काढतात, एकही जण खुर्ची दुरुस्तीला आणत नाही. ही वर बसलेली असते. मी संध्याकाळी वर येतो, विचारतो, काय केलंस दिवसभर? ती म्हणते, हात हलवला. मला नाही आता जमत. माझ्यानं नाही होत, रे."

एवढं बोलणं दादांनी बापाच्या तेराव्यालाही केलं नव्हतं. साहेब गडबडले. "दादा, मला माहीत आहे..."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," वहिनी म्हणाल्या. "अहो, मला खाली न्या."

"काय?"

"आत्ता. तुम्ही सगळे माझ्यावरून बोलताय, मला खालून ऐकू दे. दोर आहे ना?"

*

दोर होता. समितीनं तुळईला फुलांची टोपली टांगली होती आणि कप्पी निव्वळ शोभेची म्हणून रंगवून घेतली होती, पण दादांनी तिला तेल घालणं कधी थांबवलं नव्हतं. खोड म्हणा की सवय. दोरही त्यांनी नवा आणून ठेवला होता.

"वेड लागलंय का सगळ्यांना?" साहेब म्हणाले. "हे नियमात बसत नाही!"

"पियानो उतरवलाय मी या खिडकीतून," दादा म्हणाले. ते फुलांची टोपली काढून आत ठेवत होते, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्यांचा स्वतःचा वाटत होता. "ही काय पियानोपेक्षा जड आहे?"

"पियानोला तोंड नव्हतं," ताई म्हणाल्या. त्या उठल्या होत्या. वहिनींच्या नजरेला नजर न देता त्यांनी खुर्चीचे पट्टे आवळायला घेतले. पेशंटला स्ट्रेचरवर बांधायची त्यांची जुनी गाठ होती, ती दादांच्या गाठीवर बसली.

ही खुर्ची दादांनीच बायकोसाठी भरलेली, उंच पाठीची, खोल बैठकीची. वहिनी तिच्यात नीट मागे सरकून बसल्या आणि पदर खोचला.

"चिमणे, तू खाली जा," दादांनी सांगितलं. "बरोबर खिडकीखाली उभी राहा, पण दोन पावलं मागे. आता नीट ऐक. सामान उतरताना वरच्यानं बोलायचं नाही. खालचा बोलतो. 'येऊ दे' म्हटलं की आम्ही सोडणार, 'धर' म्हटलं की धरणार. तिसरा शब्द नाही."

"मला हे कधीच कुणी सांगितलं नाही," चिमणी म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

खिडकीच्या आत भिंतीत लोखंडी खुंटा होता. दोराचे दोन वेढे त्याला घालून दादांनी दोराचं टोक धाकट्याच्या हातात दिलं. साहेबांनी ते पकडलं. पन्नास वर्षांनी. दादा आणि ताईंनी खुर्ची चौकटीवरून ढकलली, दोर कुरकुरला, आणि वहिनी बाहेर गेल्या.

खाली चिमणी मान वर करून उभी होती. तिच्या मागे नाश्ता सोडून तिचा घोळका जमला होता, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, कुणी विचारत होतं, हे दर रविवारी असतं का? तिला काकूंचे पाय दिसत होते. घरातल्या सपाता घातलेले, घोट्याशी सुजून चकाकणारे पाय. काकूंना ती नेहमी खिडकीत बघायची, कमरेच्या वर. हे पाय तिनं कितीतरी महिन्यांत बघितलेच नव्हते.

"बोल ना गं!" वरून ताई ओरडल्या.

"येऊ दे," चिमणी म्हणाली. आवाज फुटला नाही. "येऊ दे! येऊ दे!"

आत दादांनीही येऊन दोर धरला होता, तरी साहेबांचे तळहात पोळत होते. दोर खुंट्यावरून सरकत होता, निम्मा भार खुंटाच पेलत होता, तरीही उरलेला भार खांद्यापर्यंत चढत होता. त्यांना खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. फक्त एवढंच कळत होतं की पलीकडच्या टोकाला वहिनी आहेत, आणि हात सुटला तर. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. घराबद्दल, गल्लीबद्दल, मुळांबद्दल त्यांच्या डोक्यात त्या क्षणी काहीही नव्हतं.

मध्येच खालून वेगळा आवाज आला. "धर!"

दोघांनी धरलं. आवाज वहिनींचा होता.

"काकू, तू नाही बोलायचं!" चिमणी ओरडली. "काय झालं? दुखतंय का?"

"काही नाही. बघतेय." वहिनी अधांतरी बसून गल्लीकडे बघत होत्या. मेणबत्त्यांच्या दुकानाचं दार, काचेतली फुलं, कुणाचा तरी कुत्रा. "ओझ्यानं बोलायचं नसतं, हे मला या घरात आल्यापासून माहीत आहे. आता येऊ दे."

*

खुर्ची दगडी फरशीवर टेकली तेव्हा लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. वहिनींनी पट्टे सोडवून घेतले, काठी मागवली आणि उभ्या राहिल्या. सपाट जमिनीवर त्यांचे गुडघे दुखत होते, पण ऐकत होते. त्या चिमणीचा हात धरून हळूहळू समोरच्या नाश्त्याच्या घरापर्यंत चालत गेल्या, जिथे पूर्वी सरसाच्या कढया असत. दारातल्या पोऱ्यानं अदबीनं विचारलं, "आपण टूरमधल्या का?"

चिमणी काही बोलणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "हो. पहिल्यांदाच आलेय."

त्यांना बाहेर उन्हात टेबल मिळालं. हळूहळू वरची मंडळीही उतरून आली. साहेबांनी तळहातांना रुमाल गुंडाळला होता. सगळे टेबलाभोवती बसले, आणि कितीतरी वेळ घराचा विषय कुणीच काढला नाही. वहिनींनी कॉफी मागवली, ती कडू निघाली, त्यांनी ती पूर्ण प्यायली. ताईंनी त्यांच्या पायाखाली एक स्टूल सरकवलं आणि त्यांची सूज बोटानं दाबून बघितली.

"वहिनी, मी मघाशी..." ताई म्हणाल्या.

"राहू द्या. माहेर कुणाला नको असतं?"

दुपार कलून ऊन भिंतीवर चढायला लागलं तसे साहेब खुर्चीत चुळबुळले. "चला, आता वर जायला हवं. वहिनींना गारठा बाधेल." ते उठले, खुर्चीपाशी गेले, तिचा हात धरून उचलून बघितली आणि वर तुळईकडे नजर टाकली. मग दादांकडे. "दादा, वर कसं न्यायचं?"

दादांनीही तुळईकडे बघितलं आणि बोटांवर माणसं मोजायला घेतली.

जन्म गेला त्यांचा या कामात. वर जायचा तो रिकामा सांगाडा. भरलेलं सामान खाली जायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. ते परत वर ओढायची वेळ या गल्लीत कुणावर कधी आलीच नव्हती. सोडताना खुंटा भार घेतो, ओढताना घेत नाही. वर ओढायला सहा दणकट माणसं लागतील, हे त्यांना आत्ता, हिशेब करताना, समजत होतं. त्यांच्या डोक्यात मघाशी हा प्रश्न आलाच नव्हता. ताईंच्याही नाही.

"कॉफीवाल्या पोरांना बोलावू," साहेब म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तुला माहीत होतं," दादा हळूच म्हणाले.

"तुमच्या घरात दोर बघत आयुष्य गेलं माझं. मला नाही कळणार?" वहिनींच्या बोलण्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, त्या फार दमल्या होत्या. "भाऊजी, तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे ना?"

"आहे."

"मग जागा होईपर्यंत तुमच्याकडे राहू आम्ही. तुम्हाला चालेल ना?"

साहेबांनी घराकडे बघितलं. उघडी खिडकी, रिकामी तुळई. मग त्यांनी आपल्या रुमाल गुंडाळलेल्या हातांकडे बघितलं. चिमणी बाबांकडे बघत होती, आणि ती कुणाच्या बाजूनं आहे हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"चिमणीच्या आईला फोन करून सांगतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "दादा, त्या गिऱ्हाइकाला उद्या बोलावून घे. मी येतो सहीला."

ताईंनी डोळे पुसले. चिमणी गाडी बोलवायला कोपऱ्यावर गेली. अजूनही गाड्या कोपऱ्यावरच थांबत, आता गल्लीत वाहनं आणायला बंदी होती म्हणून.

दादा वहिनींच्या गोळ्या आणि कपडे आणायला वर गेले. पिशवी भरली, पलंगावरचा चष्मा घेतला, आणि मग खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. लग्न झाल्यापासून या मजल्यावर ते एकटे असे कधी नव्हते. ती माहेरी गेली तेव्हा आई असायची, आई गेल्यावर ती असायचीच. खिडकीजवळ खुर्चीच्या पायांचे चार डाग फरशीवर उमटले होते. त्यांना वाटलं, अजून काहीतरी न्यायला हवं, इतक्या वर्षांच्या घरातून माणूस एक पिशवी घेऊन कसा निघेल? ते खिडकीशी आले आणि वाकून खाली बघितलं. वहिनी उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बसल्या होत्या, पाय स्टुलावर ठेवून.

"अगं, अजून काय आणू?"

वहिनींनी मान वर केली. डोळ्यांवर हात धरून त्यांनी त्याच खिडकीकडे खालून बघितलं.

"काही नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही या."